पाचव्या जागेचा डबा

—नाही, त्या खुर्चीवर नका बसू, तिचा मागचा पाय डुगडुगतो. इकडे खिडकीपाशी बसा. ठकू येईलच एवढ्यात, चष्म्याची काडी निखळली म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानात गेलीय. ठकू म्हणजे आमची मुलगी—तुम्ही ज्यांना मॅडम म्हणता त्याच. चार वर्षांची असल्यापासून ठकू, आता चाळिशी उलटली तरी ठकूच. तुम्ही ऑफिसातून चौकशीला आलात ना, मला ठाऊक आहे, सांगून ठेवलंय तिने. म्हणाली, बाबा, मी नसताना कोणी आलं तर बसवा, पाणी द्या आणि गप्पा मारू नका. तर बसवलं, पाणी दिलं—दोन कामं झाली. तिसरं काही जमेल असं वाटत नाही मला.

तो माणूस कसा आहे हो? … बरं. स्थिर म्हणजे काय पण—जेवतोय का? तुमच्या लोकांचा हा शब्द मला कळत नाही, स्थिर तर भिंतही असते. … नसेल माहीत, तुम्ही थोडेच त्याच्या उशाशी बसलात. मला जेवढं ठकूने सांगितलं तेवढंच ठाऊक आहे, की रक्त तपासायच्या कुठल्याशा ठिकाणी यंत्राने एकाच्या कागदावर दुसऱ्याचे आकडे छापले—सगळे नाही, मधलेच तेवढे, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही—आणि त्या आकड्यांवरून बिचाऱ्याला सहा दिवस भलतंच औषध गेलं. आणि ते यंत्र ज्याच्या जोरावर चालतं त्या गाभ्यातला कोड सात महिन्यांपूर्वी कोणीतरी बदलला होता, आणि तो बदल चालेल अशी खाली सही ठकूची. बरोबर सांगतोय ना? … हो, ज्याने लिहिलं त्याची चौकशी वेगळी, ठाऊक आहे. पण तो लिहिणारा. चुका करणं लिहिणाऱ्याच्या वाट्याचं असतं, आणि पकडणं वाचणाऱ्याच्या. असं मी नाही म्हणत, तीच म्हणते. आठ दिवस झाले, तेवढं एकच वाक्य बोललीय ती धड.

पाणी घ्या की. तांब्या इथेच ठेवतो.

तुम्हाला असं वाटत असेल, या म्हाताऱ्याला काय कळतंय त्या कोडातलं. तर काही नाही कळत. मी शाळेत गेलेला नाही. आकडे येतात, सही येते, दुकानाची पाटी जुळवून जुळवून वाचतो—दुकान बंद व्हायच्या आत वाचून होते, नाही असं नाही. पण ठकूचं काम मला तुमच्यातल्या पुष्कळांहून चांगलं समजतं, कारण ती ते मला वाचून दाखवते. आज नाही, बारा वर्षं झाली. कुणाचा बदल तपासायला आला, विशेषतः त्या मेमरीच्या भागातला, की आधी स्वतः वाचते, मग कागदावर छापून आणून इथे या टेबलाशी मला वाचून दाखवते. म्हणते, बाबा, ज्याला काही येत नाही त्याला सांगायला गेलं की आपल्याला काय येत नाही ते कळतं. मी म्हटलं, वा, म्हणजे माझ्या अडाणीपणाला भाव आला म्हणायचा.

मी एकतीस वर्षं इस्पितळाच्या तळघरात सामानाची खोली सांभाळली. माणूस दाखल झाला की त्याचे कपडे, चपला, घड्याळ, सगळं एका फडक्यात बांधून खाली माझ्याकडे यायचं. दोनशे चाळीस फळ्या होत्या, फळीला नंबर. वही वर कारकुनाकडे. तर ठकू म्हणाली, मेमरी म्हणजे तुमची ती खोलीच समजा. फळ्या मोजक्या, माणसं पुष्कळ, कुणाचं सामान कुठल्या फळीवर ते वहीत. पण दर वेळी वहीपर्यंत जाण्यात वेळ जातो, म्हणून प्रत्येक प्रोसेसर—म्हणजे तुमचा वॉर्डातला मदतनीस धरा—तो आपल्या खिशात चिठ्ठी ठेवतो, अमक्याचं सामान अमक्या फळीवर. आणि सगळी गोम तिथे आहे. वहीत खोडलं तरी खिशातली चिठ्ठी काही आपोआप खोडली जात नाही. म्हणून फळी दुसऱ्या कुणाला देण्याआधी सगळ्यांना ओरडून सांगायचं, चिठ्ठी फाडा. आणि सगळ्यांकडून 'फाडली, फाडली' असं येईपर्यंत हात बांधून थांबायचं. मग फळी द्यायची. एवढंच आहे बघा. मी म्हटलं, ठकू, एवढ्यासाठी तुला पगार देतात? तर म्हणाली, थांबण्यासाठी देतात, बाबा. बाकी सगळ्यांना घाई असते.

ते डबे बघताय ना? बघा, बघा, लाजण्यासारखं काही नाही. ते साखर-मिठाचे नाहीत, वरची फळी खास ठकूच्या कामाची. आठ डबे, आठ जागा. नुसतं वाचून शंका फिटली नाही की आम्ही ते खेळून बघतो. एका डब्यात बटणं, एकात खिळे, एकात काडेपेटीच्या काड्या—ज्याचं त्याचं सामान. ठकूच्या हातात वही आणि तो छापलेला कागद. चिठ्ठ्या आमच्या खिशात, एक मी आणि एक खालची शिवणवाली. ती बाई मोठी फटकळ, येते आणि म्हणते, काय गं ठकू, तुझ्या यंत्राला एवढंही धड आठवत नसेल तर पाठव त्याला माझ्याकडे, काजं करायला लावते. पण येते हं, शिवण टाकून येते. आणि ठकू एकेक ओळ वाचून वहीत करायचं ते करणार, आणि आम्ही आमचं करायचं. मध्येच कुठेही थांबून ती सांगणार, बाबा, आत्ता चिठ्ठी बघा आणि डबा आणा. मी आणलेल्या डब्यात भलत्याचंच सामान निघालं की समजायचं, कोडात भोक आहे. अशी चार भोकं सापडलीत या टेबलावर. तुमच्या ऑफिसात कुणाला ठाऊक नाही. ठकूने सांगितलेलं नाही कुणाला, आणि—

बघा, मी सांगून बसलो. हे लिहून नका घेऊ. म्हणतील, मॅडमचं तपासणं म्हणजे शाळेत न गेलेला बाप आणि शिंपीकाम करणारी बाई बटणांनी खेळतात. हसतील तिला. तसं ती यंत्रावरही चालवून बघते हो, दोन-दोन दिवस, ते वेगळंच. हे आपलं आमच्या घरचं आहे.

… त्या बदलाच्या वेळी? केलं होतं ना. न करायला काय झालं. मला तो दिवस चांगला आठवतो, शिवणवाली गावाला गेली होती, मी एकटाच होतो. ठकू वाचता वाचता एका ओळीशी अडली. म्हणाली, हा गडी फळी आधी देतोय आणि ओरडतोय मागाहून—वेळ वाचवायला. मग म्हणाली, पण एवढा अनुभवी माणूस उगाच असं करणार नाही, वर कुठेतरी आधीच सांगून होत असेल. असं स्वतःशीच म्हणाली, आणि पेन्सिलने त्या ओळीशेजारी हे एवढं मोठं प्रश्नचिन्ह काढलं तिने. आणि म्हणाली, बाबा, डबे काढा.

तीनदा खेळलो आम्ही. पाचव्या जागेवर बटणांचा डबा, माझ्या खिशात चिठ्ठी, बटणं पाच नंबरला. ठकूने वहीत बटणं खोडली, डबा रिकामा केला, त्यात खिळे भरून नव्या माणसाच्या नावावर चढवला, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, बाबा, आता चिठ्ठी बघा. मी म्हटलं, चिठ्ठी नाही. ती म्हणाली, कधी फाडलीत? मी म्हटलं, तू सांगितलंस तेव्हा. मग तिने नवी चिठ्ठी दिली, परत पहिल्यापासून. तिन्ही वेळा तेच. तिसऱ्या वेळी तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग कागदाकडे. मग खोडरबर घेतलं, प्रश्नचिन्ह पुसलं, फुंकर मारून भुगा उडवला. म्हणाली, ठीक आहे, बाबा, तुम्हाला आधीच कळतंय म्हणजे वर कुठेतरी सांगितलं जातंय, ओळी वाचता वाचता मीच म्हणून गेले असेन, मलाच ते दिसत नाहीये.

तिचा भारी विश्वास माझ्यावर. शिवणवालीला ती पुन्हा पुन्हा विचारते, नक्की ना, नक्की ना, मला नाही विचारत. सगळ्यांना सांगते, आमच्या बाबांच्या हातून एकतीस वर्षांत एक बोचकं इकडचं तिकडे गेलं नाही.

आता तसं म्हणायला—नाही. एकदा गेलं होतं.

ठकूला नाही ठाऊक. तिच्या आईला होतं, ती गेली. मी नोकरीला लागून दोन वर्षं झाली असतील. एकसष्ट नंबरच्या फळीवर एका ट्रकवाल्याचं सामान होतं. त्याला हलवलं तिसऱ्या मजल्यावर, तर त्याचं बोचकंही दुसऱ्या फळीवर हललं. वर वहीत कारकुनाने एकसष्ट खोडलं, मी फळी पुसली. आणि त्याच सकाळी एकजण वारला होता, त्याचं बोचकं आलं ते एकसष्टवर ठेवलं. वारलेल्याच्या बोचक्याला आम्ही पांढरी फीत बांधायचो. सगळं नियमाने झालं होतं. पण वर एका मदतनिसाच्या खिशात जुनी चिठ्ठी राहिली होती, ट्रकवाला—एकसष्ट. त्या ट्रकवाल्याची बायको आली, म्हणाली, स्वेटर न्यायचाय धुवायला. मदतनीस खाली आला, चिठ्ठी दाखवली, मी एकसष्टचं बोचकं उचलून दिलं. फीत माझ्या डोळ्यांसमोर होती हो. पण चिठ्ठी बरोबर, नंबर बरोबर, माझा हात थांबला नाही. त्याने ते नेऊन तिच्या हातात दिलं. तिला फितीचा अर्थ ठाऊक होता, त्या इस्पितळात सगळ्यांनाच ठाऊक असायचा. ती तिथेच जिन्यात बसली. पाऊण तास ती बाई विधवा होती, आणि नवरा तिसऱ्या मजल्यावर न्हाव्याकडून दाढी करून घेत होता.

नाही, ओरडली नाही ती. कळल्यावर मी गेलो तिच्यासमोर, हात जोडून उभा राहिलो. तर तिने ते बोचकं माझ्याकडे दिलं—मांडीवर घेऊन बसली होती—आणि म्हणाली, ज्यांचं आहे त्यांना नीट पोचवा. बस एवढंच. तिने दोन शिव्या घातल्या असत्या तर मी विसरलोही असतो.

त्यानंतर मी माझा एक नियम केला. वरून कुणी सांगितला नव्हता, कुठे लिहिलेला नव्हता. फळी रिकामी झाली की नवं काही ठेवायच्या आधी मी वर वॉर्डात जायचो, त्या नंबरची चिठ्ठी ज्या ज्या खिशात असेल ती मागून घ्यायचो आणि तिथल्या तिथे फाडायचो. मदतनीस चिडायचे, म्हणायचे, आला फाडणारा. तेच नाव पडलं मला, फाडणारा. एकोणतीस वर्षं फाडल्या. हाताला इतकं वळण पडलं की वहीत काट मारलेली दिसली की बोटं चिठ्ठी फाडायला निघायची. मला कळायचंसुद्धा नाही.

आता—

तुम्ही एकदम लिहायचे थांबलात.

… हो. तुम्ही हुशार आहात. तेच सांगतोय. म्हणजे सांगायचं नव्हतं, पण आता सांगितलंच आहे. आमच्या खेळाचा एकच नियम आहे, ठकू पहिल्या दिवसापासून सांगते—सांगितलं तेवढंच करायचं, शहाणपणा करायचा नाही. यंत्राकडे शहाणपणा नसतो, बाबा. आणि मी त्या दिवशी तीनदा, टेबलाखाली, खिशातल्या खिशात चिठ्ठी फाडली. तिने सांगायच्या आधी. वहीत काट मारलेली दिसली आणि हाताने आपलं काम केलं. आणि तोंडाने म्हटलं, तू सांगितलंस तेव्हा फाडली. मला खरंच तसं वाटलं होतं. खोटं नाही बोललो, पण खरं थोडंच होतं ते. त्या माणसाने लिहिलेल्या कोडात फाडणारा नव्हता. फाडणारा इथे बसला होता, या खुर्चीवर. तिथे यंत्रात चिठ्ठी राहिली खिशात.

आठ दिवसांपूर्वी ऑफिसातून फोन आला आणि तिने मला सांगितलं, बाबा, फळी दिली आणि एकाकडे जुनी चिठ्ठी राहिली—तेव्हा माझा हात आपोआप खिशात गेला. सदऱ्याच्या खिशात काही नव्हतं. सात महिन्यांनी काय असणार. पण मला कळलं. तेव्हापासून रोज म्हणतो आज सांगू. ती समोर जेवायला बसली की वाटतं, जेवून होऊ दे. जेवली की वाटतं, उद्या.

तो माणूस—त्याला बायको आहे का हो? … आहे. बरं.

आता तुम्ही एक सांगा, तिने कागदात काय लिहून दिलंय? सही करून पाठवलाय म्हणाली, काय लिहिलंय ते नाही सांगितलं. एरवी सगळं वाचून दाखवते, हे मात्र नाही दाखवलं. तुमच्याकडे आहे ना तो? वाचा की. … सगळा नको, ते त्या ओळीचं वाचा.

… परत वाचा.

'ती ओळ मी वाचलीच नव्हती. न वाचता संमती दिली.'

नाही हो. चुकतंय काहीतरी. ठकू औषधाच्या बाटलीवरचं सगळं वाचते, बाजूला लिहिलेलं छापखान्याचं नावसुद्धा. न वाचता? थांबा, उठतो जरा, मला तो डबा काढू द्या. तुम्ही नका, मी काढतो. हां. छापलेले कागद काम झालं की ती मला देते, मी ते फळीवर डब्यांखाली अंथरतो. हा पाचव्या डब्याखालचा. थोडा गंज लागलाय कडेला. घ्या, तुम्हाला वाचता येतं, बघा तीच ओळ आहे का. … आहे ना. आता तिच्या शेजारी बोट फिरवा. दिसणार नाही, पुसलंय, पण पेन्सिल दाबून धरायची तिला लहानपणापासून सवय, बोटाला लागेल. लागलं? ते प्रश्नचिन्ह आहे. न वाचणारा माणूस प्रश्न विचारतो का?

मग तिने असं का लिहावं? नुसतं म्हणायचं ना, वाचलं पण चुकले. चुकले म्हणणं तरी बरं, पण न वाचता सही केली म्हटल्यावर तुम्ही तिला परत तपासायला बसवाल का? … नाही ना. तुमचा चेहराच सांगतोय. बारा वर्षांचं काम. असं कोण स्वतःच्या हाताने—

थांबा हं.

गेल्या रविवारी कपडे धुता धुता ती मोरीतून बाहेर आली. हात ओले. म्हणाली, बाबा, मागे तुमच्या खिशात कागदाचा लगदा निघाला होता, सगळ्या कपड्यांना चिकटला होता, आठवतं? मी म्हटलं, कधी? ती म्हणाली, सात-एक महिने झाले, डबे खेळलो त्याच आठवड्यात. मग विचारलं, चिठ्ठ्या तुम्ही फाडून कुठे टाकायचात? मी म्हटलं, कचऱ्यात. ती बरं म्हणाली आणि परत आत गेली. नळ कितीतरी वेळ चालू होता. आणि तुमचा हा कागद—तारीख काय आहे यावर? … सोमवार. आणि कचऱ्यात टाकलेल्या चिठ्ठीचा लगदा खिशात निघत नाही.

तिला ठाऊक आहे.

म्हणजे मी रोज म्हणतोय आज सांगू, उद्या सांगू, आणि ती रोज समोर बसून भाजी वाढतेय, अजून घ्या बाबा म्हणतेय, आणि तिला ठाऊक आहे. वाचलं म्हटलं तर तुम्ही विचाराल, मग शंका सोडली का. का म्हटलं की डबे आले, डबे आले की मी आलो. म्हणून वाचलंच नाही. तिने मधली ओळच काढून टाकली, माझ्यापर्यंत कुणी येऊ नये म्हणून.

… नाही, मी ठीक आहे. बसत नाही. उभाच बरा.

तुम्ही जे लिहून घेतलंय ते खोडू नका. मघाशी म्हणालो होतो ना, हसतील म्हणून लिहू नका, ते मागे घेतो. हसू देत. तिने ती ओळ वाचली होती, तिथे अडली होती, खूण केली होती—हे मोठ्या अक्षरात लिहा. आणि म्हाताऱ्याने चिठ्ठी फाडली तेही लिहा. सही देतो मी, सही येते मला. हा छापलेला कागदही न्या. … नाही, आज नको. उद्या न्या. आज राहू द्या इथे टेबलावर.

फाटक वाजलं का? … तीच आहे. ती फाटक सोडून नाही देत, हाताने लावते.

तुम्ही निघा आता. राग मानू नका, पण तुमच्या तोंडून तिला कळता कामा नये, आणि तुमच्यादेखत मला बोलता येणार नाही. जिन्यात भेटेल, तिला म्हणा, बाबांनी पाणी दिलं. एवढंच म्हणा. आणि तो डबा—फळीवर ठेवताय? ठेवा, पण पाचव्या जागी नको, शेवटी कुठेही ठेवा. ती जागा रिकामी राहू द्या थोडा वेळ. एकीला सांगायचं राहिलंय अजून.

या तुम्ही. दार उघडंच राहू द्या.